दगडाची ओढ

ताईच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीसाठी खणलेल्या खड्ड्याभोवती माणसं जीभ बाहेर काढून ओळीने उभी होती आणि गादीबाबा एकेकाच्या जिभेला बोटाच्या पेराएवढा तपकिरी दगड लावत होते. बाबांनी हात काढला तरी दगड लटकून राहायचा आणि बघणारे हात जोडायचे.

"दगड ओढ घेतोय," बाबा सांगायचे. "आतलं दुखणं ओढून घेतोय. ज्या दिवशी तो जिभेवरून घसरेल, त्या दिवशी दुखणं संपलं. मग गोळ्या नकोत, सुया नकोत."

हे बाबा पूर्वी गल्लीच्या टोकाला गाद्या विकायचे. धंदा बसला तेव्हा त्यातल्याच एका गादीवर स्वतः बसले. नाव आयतंच मिळालं.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. डायनासोरचं अंडं म्हणून लोकांनी माझ्या टेबलावर नदीतले गोटे ठेवलेत, एकदा तर वाळलेल्या सिमेंटचा गोळा ठेवलाय. दर वेळी तेच समजवायचं आणि दर वेळी तेच पडलेले चेहरे बघायचे. खरं सांगते, कंटाळा आलाय. त्या दिवशीही मी गेले नसते, पण भाऊजींचा फोन आला. दगडाच्या भरवशावर ताईने चार दिवसांपासून इन्सुलिन बंद केलं होतं आणि ती कुणाचंच ऐकत नव्हती.

ताई मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, गाल आत गेलेले. चेहरा मात्र खुलला होता. दगड तिच्या परसात निघाला म्हणून सगळी गल्ली तिच्या दारी लोटली होती. एरवी तिच्याकडे कोण येत होतं?

"काल दगड माझ्या जिभेवर धरलाच नाही," ती म्हणाली. "घसरला. मी बरी झाले गं." बोलताना मध्येच थांबून तिने पाण्याचा घोट घेतला.

मी दगड मागितला. बाबांनी खुशाल दिला. भिंगाखाली आत बारीक जाळी दिसली. मी तो पुसला आणि जिभेला लावला. घट्ट बसला.

"बघा, बाई आजारी आहेत," बाबा म्हणाले आणि लोक हसले.

दमलेय एवढं खरं, असं म्हणून मी सांगायला लागले. हा नुसता दगड नव्हे, हाड आहे. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या तरी मोठ्या जनावराचं. जमिनीत राहून त्याचा दगड झाला, पण आतली बारीक भोकं तशीच राहिली. कोरडी भोकं जिभेवरची ओल शोषतात आणि हाड चिकटतं. खडकातलं हाड ओळखायला आम्हीही ते जिभेला लावून बघतो.

पटलेलं कुणालाच दिसेना. मग कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीचं एक कोरडं खापर उचललं, पुसलं आणि शेजारणीच्या जिभेला लावलं. तेही लटकलं. कुंडी कुणाचं दुखणं ओढते, असं मी विचारलं तेव्हा जरा चुळबुळ झाली.

बाबांपुढे पाण्याचा एक वाडगा होता. दगड 'थंड' व्हायला ते तो मधूनमधून त्यात ठेवायचे. कुणाला बरं करायचं असलं की त्याच्या आधी हमखास. मी तो बराच वेळ भिजू दिला आणि पुन्हा त्याच शेजारणीच्या जिभेला लावला. भोकं पाण्याने भरलेली, आता शोषणार काय? दगड तिच्या ओंजळीत पडला.

"म्हणजे मी एवढ्यात बरी झाले की काय?" ती म्हणाली आणि या वेळी लोक बाबांकडे बघून हसले.

बाबा मात्र डगमगले नाहीत. ताईंसाठी दगड भिजवलाच नव्हता, कोरडाच लावला होता, ते म्हणाले. भाऊजींनी मान हलवली. ते खरं होतं.

"लाव मला," ताई म्हणाली.

मी एक कोरडं खापर तिच्या जिभेला लावलं. ते तिच्या मांडीवर पडलं. ताईने विजयाने माझ्याकडे पाहिलं. मी मात्र तिची जीभ बघत होते. सुकलेली, भेगाळलेली.

"ताई, चिकटायला ओल लागते. तुझ्या जिभेवर ओलच उरली नाहीये. साखर चढली की असं होतं. दगड घसरला तो तू बरी झालीस म्हणून नाही गं."

भाऊजी गाडीकडे धावले. बाबा वाडग्यात बघत बसले होते. सुक्या जिभेचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. दगड भिजवणं ही फसवेगिरी होती, पण ताईच्या बाबतीत तर त्यांना हात हलवायचीही गरज पडली नव्हती. मरणाची खूण त्यांनी बरं होण्याची खूण म्हणून सांगितली आणि सगळ्यांनी मानली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

सलाईन काढल्यावर ताईने ते खापर मागितलं. माझ्या पर्समध्येच होतं. तिने स्वतःच्या हाताने जिभेला लावलं. ते चिकटलं. ओढून काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे दगडाला माझी ओढ नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती. पण भाऊजी तीन रात्री या बाकावर झोपलेत."

तर पुन्हा एकदा सांगते, सांगून थकले तरी सांगते. परसात काही निघालं तर माझ्याकडे आणा, डायनासोरचं अंडं म्हणून आणलंत तरी चालेल. पण औषध थांबवायचं की नाही हे दगडाला विचारू नका. रक्त तपासून घ्या. आणि घरात एखादं माणूस एकटं पडलं असेल, तर त्याच्या परसात काही निघायची वाट न बघता त्याच्याकडे जाऊन बसा.