मन थाऱ्यावर

“मावशी, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी तुम्ही कुठे होतात?”

“माझ्या जागेवर. आणखी कुठे जाणार?”

“तुम्ही जागेवर होतात हो. मन कुठे होतं?”

साहेबाने पडदा त्यांच्याकडे वळवला. औषधाच्या बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधण्यात मावशींची सव्वीस वर्षं गेली होती आणि एकही फुटकी बाटली त्यांच्या हातून निसटली नव्हती. पण महिन्याभरापूर्वी सगळ्यांच्या डोक्याला मेंदू वाचणारा तो पट्टा आला आणि त्याने चहाडी केली. मावशींचं लक्ष दिवसातले पाच तास कामावर नसतं म्हणे.

चहाडी खरी होती. ते पाच तास मावशी अक्काशी भांडत असत. थोरली बहीण जाऊन अकरा वर्षं झाली, तरी लहानपणी आईचा आरसा कुणी फोडला याचा निकाल लागायचाच होता. हात बाटल्या फिरवत, डोळे तडे टिपत आणि आत दोघींची जुंपलेली असे. आणखी काय काय दिसत असेल त्या मेल्या पडद्यावर?

“कामाला हात आणि डोळे लावायचे ठरले होते, साहेब. मनाचं कुणी बोललं नव्हतं.”

“यंत्राला ते कसं पटवू? आजपासून पट्टाच तुम्हाला भानावर आणेल. इथे सही करा. नाहीतर दुसरीकडे काम बघावं लागेल.”

निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. मावशींनी सही केली.

अक्काने तोंड उघडलं रे उघडलं की पट्ट्याखाली कानशिलाला मुंगी चावल्यासारखं होई आणि मावशी दचकून बाटलीकडे बघत. बघून बघून डोळे इतके शिणले की तिसऱ्या आठवड्यात पहिली फुटकी बाटली पुढे गेली. साहेबाने पडदा पाहून मान डोलावली. पडद्यावर मावशींचं लक्ष अगदी पूर्ण होतं.

सुट्टीच्या दिवशी पट्टा नव्हता. मावशी खिडकीशी बसल्या आणि त्यांनी अक्काला मुद्दाम मनात आणलं. कानशिलाला काही चावलं नाही, तरी त्या दचकल्या. समोर नुसता चहाचा कप होता. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच झालं.

“आज भांडण नाही वाटतं?” नवऱ्याने विचारलं. एकटीच पुटपुटणाऱ्या बायकोची तो रोज थट्टा करी.

“कुणाशी भांडू? ती येते न येते तोच मी परत येते.”

त्याने आपली खुर्ची उचलून मावशींच्या शेजारी आणून ठेवली.