शुक्रवारचा शिक्का

"दोन आठवडे द्या, जज्जसाहेब. जास्त मागत नाही," मिस ॲडेला म्हणाल्या. माइक त्यांच्या कपाळाच्या वर होता, म्हणून अल्विनने उठून तो खाली वाकवून दिला. "काल सुट्टी होती. निम्मं गाव लेकीसुनांकडे गेलंय, उरलेलं गवत कापतंय. आज आम्ही तिघंच आलो, आणि त्यातला एक माझा दीर आहे, त्याला ऐकू येत नाही."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. दीरही हसला, सगळे हसले म्हणून.

आमचे जज्ज नावापुरतेच जज्ज. खटले चालवत नाहीत, चार कमिशनरांना घेऊन काउंटीचा कारभार बघतात. त्यांनी अल्विनकडे पाहिलं. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. एकोणीस वर्षं तेच लिहितेय, त्यामुळे कोण कुठे पाहतो याचीही मनातल्या मनात नोंद होते.

प्रश्न चारशे बारा घरांचा होता. ऑस्टिन शहर आमच्या दिशेने सरकत सरकत आता कॉटनवुड ओढ्याच्या डोक्यावर, उगमापाशी, येऊन बसलं होतं. तिथलं गवताळ रान पाऊस पिऊन घेतं आणि सावकाश सोडतं. त्यावर रस्ते आणि छपरं आली की पाणी थांबणार नाही, आणि ओढ्याकाठचं पहिलं घर मिस ॲडेलांचं. दोनदा पाणी त्यांच्या पायरीला लागून गेलंय. बिल्डरने वसाहतीचं नाव 'बगळ्यांचा विसावा' ठेवलं होतं. बगळ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अल्विन झापालॅक हा काउंटीचा एकुलता एक प्लॅनर. दोन हजार चाळीस सालापर्यंतचा आराखडा त्याने सहा वर्षं खपून केला. कुठे वाढावं, कुठे वाढू नये, ओढे कसे मोकळे ठेवावेत, सगळं त्यात आहे. त्यासाठी प्रत्येक अग्निशमन केंद्रात नकाशा पसरून लोकांना टिकल्या वाटल्या होत्या. जिथे वस्ती हवी तिथे लाल, जिथे रान राहायला हवं तिथे हिरवी. मिस ॲडेलांनी आपल्या पाचही हिरव्या टिकल्या ओढ्याच्या डोक्यावर एकावर एक चिकटवल्या. अल्विनने त्या पाच धरल्या. दुसऱ्या कोणी एकच धरली असती.

आराखडा देखणा झाला. पण आमच्या टेक्ससमध्ये काउंटीला आराखडा करता येतो, तो पाळायला लावता येत नाही. हातात एवढंच उरतं की वसाहतीचा नकाशा नियमात बसत नसेल, तर कारणं लिहून तो नाकारायचा. तेही तीस दिवसांच्या आत. तीस दिवस काउंटी गप्प राहिली, तर नकाशा आपोआप मंजूर.

अल्विनकडे चौदा कारणं टाइप करून तयार होती. नववं सगळ्यांत पक्कं होतं. बिल्डरच्या इंजिनिअरने पावसाचे जुने आकडे वापरले होते. नवे आकडे घातले की ओढा मिस ॲडेलांच्या स्वयंपाकघरात येत होता.

"अल्विन, वेळ आहे का आपल्याकडे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

अल्विनने खिशातली डायरी काढली आणि बोटावर मोजलं. "पुढची बैठक अकरा जूनला. एकोणतिसावा दिवस येतो. बसतं."

बसलं. पुढे ढकलायचा ठराव पाच विरुद्ध शून्य असा झाला.

दुपारी डबा खाताना मी म्हटलं, "आजच नाकारून टाकायचं होतंस. कागद हातात होता."

"ओफेलिया, आयुष्यभर मी रिकाम्या खुर्च्यांना नकाशे दाखवले. आता बाई म्हणतात चाळीस माणसं आणते. त्यांना नको म्हणू?"

"खुर्च्यांनी कधी वाद तरी घातला नाही."

"तेच तर दुखणं आहे."

"माझ्या वहीत तीनशे अकरा नकाशे आहेत. नाकारले दोन. तेही दुरुस्त होऊन परत आले आणि पास झाले."

"मग हा तिसरा. दुरुस्त होऊन आला तरी निदान खरा पाऊस धरून येईल," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललं. इतक्या खुशीत मी त्याला पाहिलं नव्हतं.

अकरा जूनला त्रेचाळीस माणसं आली. ज्यूरीच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या. चर्चच्या बायकांनी कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव आणले, तेही कमी पडले. अल्विनने शर्टाला इस्त्री केली होती. बाह्यांवर दोन-दोन घड्या उमटल्या होत्या, म्हणजे स्वतःच केली असावी. मिस ॲडेलांच्या हातात बोलणाऱ्यांची यादी होती, आणि प्रत्येकाला कोणता मुद्दा मांडायचा ते वाटून दिलं होतं.

आधी बिल्डरचा वकील उभा राहिला. मॅककेड नावाचा, गोड बोलणारा तरुण.

"जज्जसाहेब, मंडळींचा वेळ जाऊ नये म्हणून आधीच सांगतो. आमचा नकाशा इथल्या कचेरीत दहा मेला, शुक्रवारी, चार बावन्नला जमा झाला. तिसावा दिवस रविवारी आला. रविवार म्हणून कालचा सोमवारही आम्ही सोडतो. तरी मुदत संपली. नकाशा मंजूर झालेला आहे."

अल्विन म्हणाला, "सोमवारी, तेरा तारखेला आला."

"शेवटचं पान उलटून बघा, सर."

त्याने पान उलटलं. मागे निळा शिक्का होता.

तो मी मारला होता. आमच्या कचेरीत एक अलिखित रीत आहे. शुक्रवारी साडेचारनंतर आलेले कागद ठेवून घ्यायचे आणि शिक्का सोमवारी मारायचा. अल्विन त्या रीतीवर डोळे मिटून दिवस मोजायचा. त्या शुक्रवारी बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी हातात नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन उभी राहिली. "तेवढा मारून टाका ना, मावशी, परत साठ मैल यायला लावू नका." मला नातीच्या नाचाला जायचं होतं. मारला. सोमवारी कागद अल्विनच्या टेबलावर ठेवले. त्याने बोटावर दिवस मोजले तेव्हा मला शिक्का आठवला नाही, असं मी सांगते. ते खरंही आहे.

"अल्विन?" जज्जसाहेब म्हणाले.

त्याने शिक्क्याखालची माझी सही वाचली. मग माझा कोपरा सोडून सगळीकडे पाहिलं.

"मोजताना माझी चूक झाली."

मी लिहून घेतलं : श्री. झापालॅक यांनी मोजणीतील चूक मान्य केली. इतिवृत्तात आजही तसंच आहे.

"मग मत कशावर द्यायचं?" कमिशनर हेनेकींनी विचारलं.

"कशावरच नाही, सर," मॅककेड म्हणाला. त्याला वाईट वाटत असावं. वाटल्यासारखं दिसत तरी होतं.

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. "मंडळी लांबून आलीत. बोलायचं असेल त्यांनी बोलावं. प्रत्येकी तीन मिनिटं."

"त्याने काय होणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"नोंद राहील."

सव्वीस माणसं उठून गेली. सोळा जणांनी आपापली तीन मिनिटं घेतली. अल्विन प्रत्येकाचं नाव आणि मुद्दा लिहीत होता, जणू उद्या त्यावर काही करायचंय. मिस ॲडेलांचा दीर सर्वांत जोरात बोलला. साहेबांनो, अजून वेळ गेलेली नाही, हा नकाशा आजच्या आज फेटाळा, असं टेबलावर मूठ आपटून म्हणाला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर हॉलभर ओरडावं लागलं असतं.

मिस ॲडेला माइकवर गेल्या नाहीत. हॉल रिकामा झाल्यावर अल्विनपाशी आल्या.

"पाणी कुठवर येईल, तेवढं सांग."

"कारण क्रमांक नऊमध्ये आकडा आहे, मिस ॲडेला."

"कागद नको, बाबा. घरी येऊन दाखव."

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो. गाडी मी चालवली. वाटेत म्हटलं, "शिक्का माझा होता, हे तू सांगायला हवं होतंस."

"त्याने घरं कमी झाली असती का?"

"तुझं नाव तरी राहिलं असतं."

"कुठे?" तो म्हणाला.

त्याने अंगणात तिपाई लावून दुर्बिणीतून पातळी घेतली. ओढ्यावरच्या पुलाची उंची, पायरीची, उंबऱ्याची. मग आत आला. मी टेप जमिनीला टेकवून धरला आणि त्याने फ्रीज आणि खिडकीच्या मधल्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"चार फूट दोन इंच. मोठा पाऊस झाला तर."

"म्हणजे होईलच," मिस ॲडेला म्हणाल्या.

"कधी, ते सांगता येत नाही."

"थोडी खाली नाही का ओढता येणार? तू म्हणतोस म्हणून विचारते. इंचभर."

अल्विनने टेप पुन्हा लावला. पुन्हा वाचला. "नाही, मिस ॲडेला."

त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढत नेली, भिंतीला लावली आणि पाठ ताठ करून बसल्या. रेघ त्यांच्या डोक्याच्या जरा वरून गेली. त्यांनी तळहात टाळूवर आडवा ठेवून भिंतीला टेकवला, अंतर पाहिलं, मग उठून उभ्या राहिल्या. उभ्याने रेघ खांद्याला आली.

"मग बसायचं नाही तर," त्या म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला वळल्या.

तीन कप भरून झाले. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. कॉफी आम्ही तिघांनीही उभ्यानेच प्यायली.