माळ्यावरची कोनफळं

"बाय, वास वरनंच येतंय," म्हणत लाडकीने शिडी माळ्याला लावली.

जयवंती उंबऱ्याशी बसली होती. "ऱ्हाऊ दे गो. त्यांनी ठेवलंय ते."

कुंभवलीच्या या घरामागे तिचा नवरा नरहरी दर वर्षी कोनफळं लावायचा. मार्गशीर्षात खणली की सावलीत पसरायचा, माती वाळून गळेपर्यंत थांबायचा आणि मगच राखेत ठेवायचा. यंदा त्याला थांबता आलं नाही. कारखान्यातली पाळी संपवून तापातच आला, खणलं आणि ओल्या मातीसकट सगळे कंद माळ्यावर एकावर एक रचून टाकले. "बरा झालो का नीट लावीन," म्हणाला. पंधरवड्यात तो गेला.

तेव्हापासून दुपारी सामसूम झाली की जयवंती माळ्याकडे बघत राहायची. कारखान्याचा दूरचा भोंगा विरून जायचा. कौलांतून उन्हाची तिरीप उतरायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि तिला वाटायचं, नरहरी वरच आहे, पाठमोरा बसून कंद लावतोय. हाक मारली तर 'आलो' म्हणेल. म्हणूनच ती हाक मारत नसे.

माघात तो आंबूस वास खाली उतरू लागला. लाडकी डोंगराकडच्या पाड्यावरून तिच्याकडे कामाला यायची. तिला तो अंगणातच जाणवला.

"खालचं कुजलं, बाय. वरचं हायेत अजून. आज नाय काडलं तं लावायला बेणं पन नाय ऱ्हायचं."

"बेणं पन नाय?"

"काय नाय ऱ्हायचं."

जयवंती उठली. पदर खोचून शिडीखाली उभी राहिली.

लाडकी एकेक कंद खाली देत गेली. काही हातातच फुटले. काहींना एकाच बाजूला डाग होता. तेवढा भाग कापून जयवंतीने कापावर राख चोळली. मग एक मोठा कंद खाली आला. त्यावरच्या वाळल्या चिखलात चार बोटं उमटली होती, रुंद, नरहरीची.

तिने आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली. खळगे मोठे होते. अंगणातलं ऊन हळूहळू सरकलं, शेवग्याची सावली तिच्या मांडीवर आली, तरी ती तशीच बसून होती.

"माती काडाया लागंल," लाडकी हळूच म्हणाली. "तीच ओल धरते."

"ठाऊक हाय मला."

तिने गोणपाटाचा तुकडा घेतला आणि कंद पुसला. आधी हलक्या हाताने, मग जोर लावून. माती भुरूभुरू खाली पडली. आतली साल टणक निघाली.

"हा चांगला हाय गो," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली. लाडकी बाजूचे कंद निवडत राहिली.

वाचलेले कंद सावलीत सुकल्यावर जयवंती स्वतः शिडी चढली. वर कुणी नव्हतं. नरहरीने रचलेलं सगळं बाजूला सारून तिने कोरड्या राखेचा थर दिला आणि एकमेकांना लागणार नाहीत असे कंद आपल्या हाताने ठेवले.

कापलेले डागी कंद राख लावूनही फार टिकणार नव्हते; त्यांचे चांगले तुकडे तिने त्या संध्याकाळी शिजवायला घेतले. चुलीवर ते गडद जांभळे होऊन मऊ शिजले. दोघी अंगणात जेवायला बसल्या. जयवंतीने थाळीतलं सगळं संपवलं. मग तिने आपली थाळी पुढे केली.

"टोपात हाय का गो अजून?"