मुलाखतीला गेलेला निळा कोट

मी बोलतोय तो वर्ना लाहटीच्या कपाटातला निळा लोकरी कोट. हिवाळ्यात घालायचा जाडजूड कोट मी नव्हे. त्या जातीला इथे फार मान, कारण मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला तिच्याशिवाय माणूस टपालपेटीपर्यंतही जात नाही. मी त्याच्या आतला. माणूस दारातून आत आला, बर्फ झटकला, वरचा कोट खुंटीला लावला, की मग मी दिसतो. तेही मयताला, लग्नाला, नाहीतर नोकरी मागायला जाताना.

शिकागोतल्या एका कारखान्यात मला शिवलं. डुलुथच्या दुकानातून एल्सीने मला उचललं. एल्सी म्हणजे वर्नाची नणंद. बँकेत खिडकीवर बसायची, आणि तिथेही मलाच घालायची. लग्न केलं नव्हतं, पण माझी निगा तिने एखाद्या नवऱ्यासारखी ठेवली. दर शनिवारी ब्रश, खिशात रुमालाखेरीज काही नाही. ती गेली तेव्हा तिचे कपडे वाटले गेले. वेन, तिचा भाऊ आणि वर्नाचा नवरा, मला हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग त्याने मला आपल्याच कपाटात टांगलं. पुढचे हिवाळे मी डांबरगोळ्यांच्या वासात काढले.

मला बाहेर काढायची पाळी वर्नावर आली ती शाळा बंद पडली म्हणून. खाण आटली तशी गावातली मुलंही आटली. उरलेली मुलं बसने शेजारच्या गावच्या नव्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. वर्नाचा उभा जन्म जुन्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता. नव्या शाळेला आता स्वयंपाकघराची प्रमुख हवी होती, आणि मुलाखतीला समक्ष बोलावणं आलं होतं.

नोकरी नुसती नोकरी नव्हती. वेनच्या खाणीच्या पेन्शनवर घर चालणार नव्हतं. ॲरिझोनात त्यांच्या मुलीने, क्रिस्टीनने, एक खोली रंगवून तयार ठेवली होती. ठरलं ते असं: नोकरी मिळाली तर इथेच राहायचं, नाही मिळाली तर उन्हाळ्यात तळ्याकाठचं घर विकून वाळवंटात जायचं. वेन म्हणाला, जाऊ की, त्यात काय. आणि आधीच दुरुस्त करून ठेवलेली होडी पुन्हा दुरुस्त करायला निघून गेला.

तयारी करून घ्यायला शेजारची जॉइस आली. न्यू जर्सीहून लग्न होऊन या गावात आली त्याला जमाना लोटला, नातवंडं झाली, तरी गाव तिला अजून बाहेरचीच समजतं. तिच्या जिभेला हाड नाही, असं लोक म्हणतात, आणि अडचण आली की तिच्याकडेच जातात.

वर्ना माझ्या आत शिरली. खांद्यात मी नीट बसलो, पोटावर जरा ताणला गेलो. जॉइसने माझं बटण दोन बोटं पुढे सरकवून लावलं आणि समोर बसून साहेब झाली.

"तुझ्याविषयी सांग," ती म्हणाली.

"सांगण्यासारखं काय आहे? करत आले आपलं," वर्ना म्हणाली.

"झालं. गेली नोकरी," जॉइस म्हणाली. "अगं, अख्खी शाळा तुझ्या हातचं जेवली. वादळात वीज गेली तेव्हा चर्चच्या चुलीवर कोणी शिजवलं?"

"सगळ्यांनी मिळून केलं."

"सगळे बटाटे सोलत होते. चालवलंस तू. तसं म्हण."

वर्नाच्या मानेला घाम आला. माझी कॉलर ओली झाली, म्हणून सांगतो. आपलीच आरती ओवाळायची या गावात कोणाला सवय नाही. इथे कोणी उत्तम म्हणत नाही. फार झालं तर "वाईट नाही" म्हणतात, आणि ऐकणारा महिनाभर खूष राहतो. होकाराचंही तसंच. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग, बरं, अगदी थोडं. कॉफी असो नाहीतर कुणी गाडीतून घरी सोडणं असो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा तो हावरा.

जॉइसला हे ठाऊक होतं. तिने वर्नाकडून घोटून घेतलं की साहेबाने कॉफी पुढे केली तर लगेच घ्यायची. लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे करून करून तिने तालीम घेतली. चार दिवसांत वर्ना पहिल्या विचारण्याला वडी उचलू लागली. मी मात्र आणखी घट्ट झालो.

मुलाखतीला समोर दोघं होते. नवे अधीक्षक डाल्टन, टेक्ससहून नुकतेच आलेले, आणि शाळा मंडळाचा आर्ने, याच मुलखातला म्हातारा वायरमन. कॉफी आली, वर्नाने घेतली. वादळाची हकीकत सांगताना तिने खरंच "मी चालवलं" म्हटलं. डाल्टननी दोनदा मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

मग डाल्टननी पेन खाली ठेवलं. "वर्ना, मला आडपडदा जमत नाही. ही जागा तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. काय म्हणता?"

निकाल पत्राने कळतो, अशी सगळ्यांची समजूत. याची तालीम जॉइसने घेतलीच नव्हती. वर्नाच्या तोंडून आपसूक निघालं, "अहो, कशाला? माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल तुम्हाला."

आणि ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसली.

डाल्टनना वाईट वाटलेलं दिसलं. भला माणूस होता. तुमच्या मोकळेपणाचा मी आदर करतो, म्हणाले, उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. आर्नेने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याच्या बोलण्यात पडायचं नाही, हीही इथलीच रीत.

वर्ना गाडीत जाऊन बसली. किल्ली लावली नाही. तिचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडत होतं.

ते धडधडणं माझ्या ओळखीचं होतं. एल्सीच्या बँकेत आयोवाचा एक हिशेबनीस होता. एका शनिवारी त्याने तिला नाचायला येतेस का म्हणून विचारलं. एल्सी म्हणाली, अहो, माझ्यासारखीला कुठे नेता. त्याने टोपी उचलून नमस्कार केला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. एल्सी उरलेला सगळा दिवस नोटा मोजत राहिली, आणि मी तिच्या अंगावर नुसता बसून होतो. कोटाला तोंड नसतं. असतं तर त्या गाडीत मी ओरडलो असतो.

वर्ना दार उघडून उतरली. वरचा कोट न घालताच, बर्फातून, नुसत्या माझ्यावर परत गेली. दारावर टकटक न करता आत शिरली. सबंध आयुष्यात तिने असं कधी केलं नसेल.

"मला ही नोकरी हवी आहे," ती म्हणाली.

डाल्टनच्या हातात फोन होता. त्यांनी तो हळूच ठेवला. डुलुथच्या दुसऱ्या उमेदवाराला आत्ताच विचारलं, म्हणाले, आणि त्याने माझं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. मग त्यांना राहवलं नाही. "पण तुम्ही तर नाही म्हणालात."

"ती नाही म्हणाली नव्हती, साहेब," आर्ने म्हणाला. "तुम्ही एकदाच विचारलंत."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं नाही."

डाल्टननी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती घरची थोरली आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. ते चाचरत म्हणाले, "मदतनिसाची एक जागा आहे. प्रमुखाच्या हाताखाली. पगार कमी, आणि तुमच्या अनुभवाला ते जरा..."

"हो," वर्ना म्हणाली.

डाल्टनचं वाक्य तसंच अर्धं राहिलं.

घरी वेन खिडकीशी उभा होता. मिळाली का, असं त्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं, मोठी गेली, धाकटी मिळाली, माझीच चूक. काटकसर केली तर घर निभेल. वेनने माझी बटणं काढली, मला तिच्या खांद्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांत धरून राहिला.

"वाईट नाही," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला.

त्या उन्हाळ्यात होडी तळ्यात उतरली. वर्ना आता डुलुथच्या त्या माणसाच्या हाताखाली काम करते. त्याला "साहेब" म्हणते आणि रोज थोडी चडफडते. स्वयंपाकघरात कोटाचं काम नसतं. माझी कोपरं विरली आहेत, अस्तर एका बाजूने सुटलंय, पण खांदे अजून सरळ आहेत. मुलाखतीला जायचं असलं की गावातल्या बायका वर्नाच्या दाराशी येतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि कोटाचं नाव न काढताच निघून जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे: बायांनो, मी इथेच आहे. ज्या कोणाला हवा असेन तिने सरळ मागावं, मी पहिल्याच हाकेला येतो.