भगताच्या घोंगडीवरचं पिल्लू

नीराबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रीवर्धनच्या बाजाराला निघालेल्या बायासुद्धा टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या होत्या. मधोमध भगत बसला होता आणि त्याच्या घोंगडीवर कालच अंड्यातून निघालेलं पिल्लू चक्क उभं होतं. सकाळी त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकले होते. भगतानं राख लावली, फुंकर मारली आणि ते दोन पावलं चाललंसुद्धा!

"सात समिंदरांपलीकडची बाधा असू दे, माझ्यासमोर तिचं काय बी चालत न्हाय!" भगत गरजला. मग त्यानं पिल्लू घरातल्या टोपलीत ठेवायला लावलं. ठेवताक्षणी पाय पुन्हा फाकले. "बघितलंव? घरात इटाळ हाय. कोंबडी अंड्यांवर कोनी बसवली?"

बसवली होती सुनेनं, सुचितानं, आणि तेही पाळीच्या दिवसांत. नीराबाईनं ते सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"आई, मी हात धुतले होते," सुचिता एवढंच म्हणाली. दुपारच्या एसटीनं तिची म्हसळ्याला, माहेरी रवानगी झाली.

सून गेली, पण पिल्लू काही उठेना. त्याला पाण्यापर्यंत सरकताही येईना. त्याची चिवचिव ऐकून नीराबाईच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काशीच्या शेळ्या तपासायला गुरांची डॉक्टर तस्नीम आली, तेव्हा नीराबाई टोपली घेऊनच धावली. मागोमाग गाव आलं, भगतही आला.

"मावशी, टोपलीत हे काय अंथरलंय?"

"फ्लेक्स. पुतण्याच्या वाढदिवसाचा. पेंढ्यापरीस साफ ऱ्हातो."

तस्नीमनं गोणपाट मागवलं. त्यावर पिल्लू डगमगत का होईना, उभं राहिलं. फ्लेक्सवर ठेवलं, घसरलं. पुन्हा गोणपाटावर, पुन्हा उभं. "नव्या पिल्लाला गुळगुळीत जागेवर पाय रोवता येत नाहीत. ते फाकतात आणि तसेच राहतात. घोंगडी खरखरीत, म्हणून तिथे उभं राहिलं. ह्यात मंत्रही नाही आणि विटाळही नाही." बोलता बोलता तिनं चिकटपट्टीची बारीक फीत काढून दोन्ही पाय थोडं अंतर ठेवून बांधले. "काही दिवस राहू द्या. ऊब द्या, चोच पाण्यात टेकवून पाजा. सुधारेल."

"भगता, तुज्या खुराड्यात काय रं अंथरलंयस?" काशीनं विचारलं. तिथलं गोणपाट सगळ्यांनीच पाहिलं होतं. भगत आपल्या चपला शोधू लागला.

नीराबाई हसली नाही. पेंढा काढून फ्लेक्स तिनंच अंथरला होता, आपल्या हातानं. तिला स्वतःची शरम वाटली.

त्याच दुपारी ती पिल्लू पदराखाली घेऊन म्हसळ्याला गेली. दार सुचितानं उघडलं. रागावेल, दार लावून घेईल, असं नीराबाईला वाटलं होतं. पण सुचितानं सासूचा पदर बाजूला करून पाहिलं.

"आई, ह्यानं पानी पिलं का?"

नीराबाईला रडूच फुटलं. "पिलं. पोरी, त्याचे पाय मी बिघडवले आन् चारचौघांत नाव तुजं सांगितलं. भगताला ठावं बी नव्हतं, मीच सांगितलं."

सुचितानं पिल्लू हातात घेतलं आणि सासूला बसायला गोणपाट टाकलं.

मंडळी, पिल्लू आता चालतं. पण उद्या कुणी भगत तुमच्या दारात येऊन दोषी कोण विचारील, तेव्हा घरातल्या माणसाचं नाव घेण्याआधी टोपलीत काय अंथरलंय तेवढं बघा.