चकमकीची की टोपीची?

मी ठासणीची बंदूक बोलतेय. चकमकीची की टोपीची, ते मात्र विचारू नका बाई. माझं मलाच कळेनासं झालंय.

जन्मले तेव्हा चकमकीचीच होते. टेनेसीच्या डोंगरातल्या एका लोहारानं माझी लांबडी नळी ठोकून घडवली, लाकडाचा दस्ता जोडला आणि मला ओबेड प्रॅथरच्या हातात दिलं. ओबेडला तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. माझ्या घोड्याच्या जबड्यात चकमकीचा खडा, शेजारी रंजकाची, म्हणजे पेट घ्यायच्या बारीक दारूची, वाटी. चाप ओढला की खडा पोलादावर आपटायचा, ठिणगी पडायची, वाटीत फस्स व्हायचं आणि मग मी धडाम! तेवढ्यात हरीण जरा पुढं सरकायचं. म्हणून ओबेड पळत्या हरणाच्या नाकाच्याही पुढं नेम धरायचा. असा आमचा संसार जमला होता.

पण पाऊस आला की वाटी भिजायची. मग फस्स नाही की धडाम नाही. हरणं माझ्याकडं बघत चरायची, मेली!

ओबेडचे केस पिकले, त्या साली घरची डुकरं रोगानं गेली. हिवाळ्यात खायचं तर हरीणच मारायला हवं होतं, आणि आभाळाची रिपरिप थांबेना. तशात जावई लेम्युएल आपली नवी बंदूक मिरवत आला.

"मामा, ही म्हातारी टाका आता माळ्यावर. माझीला तांब्याची एवढीशी दारूभरली टोपी घातली की भर पावसात उडते."

"आणि टोप्या संपल्या की?" ओबेड म्हणाला. "दुकान डोंगरापलीकडं. चकमक आपल्या ओढ्यात मिळते."

"मग ओढ्यातली चकमकच शिजवते हिवाळाभर," चुलीपासून त्याची बायको थर्झा बोलली. "ठरवा की हो एकदाचं!"

ठरवतोय कसला! मला खांद्यावर टाकून लोहाराकडं निघायचा, अर्ध्या वाटेवर थबकायचा, परत फिरायचा. खाली-वर होऊन मला घेरी आली. शेवटी थर्झाच सोबत गेली, तेव्हा कुठं पोचलो.

लोहारानं माझी वाटी काढली, खड्याचा जबडा काढला आणि टोपी बसवायला बोंडाएवढी एक नळी ठोकली. म्हातारपणी दुसऱ्याचे दात बसवल्यासारखं झालं मला.

पहिल्याच दिवशी पावसात हरीण उधळलं. ओबेडनं सवयीनं नाकापुढं नेम धरला, चाप ओढला. मी फस्सची वाट बघतेय, तोवर उडालेसुद्धा! गोळी हरणाच्या कितीतरी पुढं गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"बिघडवली हिला त्या लोहारानं," ओबेड मला भिंतीला टेकवत म्हणाला.

मला काय सांगता येणार? मलाही तसंच वाटत होतं.

घरात मक्याचं पीठ आणि सलगम तेवढं उरलं. एका सकाळी सलगमच्या वाफ्यात हरीण शिरलं. ओबेड पायात घालायला बूट शोधत बसला. थर्झानं मला उचललं. तिनं जन्मात माझा चाप ओढला नव्हता. हरीण कुंपणाकडं पळालं आणि तिनं बार काढला. हरीण तिथंच आडवं.

ओबेड एका बुटावर धावत आला. "किती पुढं धरलीस?"

"पुढं? हरणावर धरली. हरीणच मारायचं होतं ना?"

ओबेड माझ्याकडं बघत राहिला, मग स्वतःच्या बोटाकडं.

"म्हणजे बंदूक बरी आहे?"

"बंदूक बरी आहे हो. तुमचा हात अजून जुन्या बंदुकीत अडकलाय. चला, कातडं सोलायला लागा."

आता माझी खुंटी थर्झाच्या बाजूला आहे. मांस संपत आलंय. आज ती गुडघा धरून बसलीय, म्हणून मला घेऊन ओबेडच निघालाय. दारात तिनं बजावलं, "पुढं धरू नका हं!"

"नाही धरत," म्हणाला खरा. पण रानात शिरल्यापासून तोंडानं हळूच फस्स, फस्स करतोय. आता समोर पाला हललाय, शिंगं दिसताहेत, आणि मला उगाचच माझी गेलेली वाटी आठवतेय. अहो, कुणी देव जागा असेल तर ऐका. मला काही नको. या म्हाताऱ्याला एवढी घटका त्या फस्सपुरता विसरभोळा करा!