आत्याच्या घरातली दोन वर्षं

लेसिएली समुद्रापलीकडच्या सुवाहून कॉमर्सची पदवी घेऊन आमच्या बेटावर, नुकुआलोफाला परतली, त्याच महिन्यात तिच्या आत्याच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. आत्या म्हणजे वाइसिनिया, बापाची थोरली बहीण. आमच्याकडे बापाच्या बहिणीला कोणी नाही म्हणत नाही. तिनं मागितलं की डुक्करही द्यायचं आणि पोरगीही. वाइसिनियानं भावाला निरोप धाडला, "लेसिएलीला माझ्याकडे राहू दे." लेसिएली त्याच दिवशी पिशवी घेऊन गेली.

माका आतोबा धिप्पाड गडी. त्यांना कुशीवर वळवणं, अंघोळ घालणं, भरवणं, दवाखान्यात नेणं, सगळं तिच्यावर आलं. आत्याकडे तापा, म्हणजे झाडाची साल कुटून कापड, करणाऱ्या बायकांचा गट होता. त्यांची साल कुठून आणायची, कुणाचं कापड कधी पाठवायचं, हेही हळूहळू तीच बघू लागली. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली बँकेत लागल्या, दोघी ऑकलंडला गेल्या. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आतोबा काठी टेकत चर्चला जाऊ लागले. तेव्हा बोटींच्या कंपनीत हिशेबनीसाच्या हाताखाली जागा निघाली आणि लेसिएलीनं सीव्ही लिहायला घेतला.

तो घेऊन ती तिच्या जुन्या शाळेतल्या उइला बाईंकडे गेली. बाई मुलांना नोकरीच्या अर्जांसाठी मदत करायच्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. कोण लिहितं गं, की मी आळशी आणि भांडखोर आहे?" त्यांनी ती ओळच खोडली. "आणि पदवीनंतर दोन वर्षं कोरी. होतीस कुठं, समुद्रात?"

"आत्याकडे होते, बाई. त्यात लिहिण्यासारखं काही नाही."

"ते मी ठरवते. तू नुसतं सांग, सकाळी उठून काय करायचीस."

लेसिएली सांगत गेली. बाई मधूनमधून थांबवून विचारत होत्या, हे आधी कोण करायचं, तू आल्यावर काय बदललं. मग म्हणाल्या, "नवशिक्याचा सीव्ही असाच लिहायचा. हुद्दा नसला तरी काम असतं. काय केलंस आणि त्यातून काय झालं, एवढं सांग. कोरी जागा दिसली की लोक वाईटच भरतात तिच्यात."

त्या दोन वर्षांच्या मग चार ओळी झाल्या. अर्धांगवायूच्या रुग्णाची एकटीनं देखभाल, तो काठीवर चालू लागेपर्यंत. तापाच्या गटाची खरेदी आणि माल पाठवणं. वाचताना लेसिएलीला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात थोडा राग मिसळलेला होता, हे तिला नंतर कळलं.

सीव्ही वाइसिनियाला दाखवल्याशिवाय पाठवणं शक्यच नव्हतं. आत्यानं तो उभ्या उभ्या वाचला.

"हे काय लिहिलंयस? माझ्या नवऱ्याला तू धूत होतीस, हे बोटीवाल्यांना कशाला सांगायचं?"

"धुण्याचं नाही लिहिलं, आत्या. देखभाल लिहिलंय."

"एकच ते. लोक म्हणतील, वाइसिनियानं भावाची शिकलेली पोर मोलकरीण करून ठेवली." तिनं कागद टेबलावर ठेवला. "लिही, वाइसिनिया तापा निर्यात, मॅनेजर."

"पण अशी कंपनी कुठं आहे? आणि मी मॅनेजर नव्हते."

"मी म्हणते होतीस, म्हणजे होतीस. मला विचारायला कोण येणार आहे?"

लेसिएली बापाकडे गेली. तानिएला परसात उमूचे, जमिनीतल्या चुलीचे, दगड काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि दगडांकडे बघतच म्हणाला, "ती माझी बहीण आहे, पोरी. तिच्यापुढे मी कधी मान वर केली नाही. तू मला काय करायला सांगतेस?"

"काही नाही, बाबा."

"मग लिही ती म्हणते तसं. एक शब्द तर आहे."

तिनं लिहिलं नाही. उइला बाईंबरोबर केलेला सीव्हीच तिनं कंपनीत नेऊन दिला आणि आत्यानं विचारलं तेव्हा नुसतं "दिला" म्हणाली.

मुलाखतीला ती कमरेला किएकिए, मोठ्यांपुढे जाताना बांधायचा विणलेला पट्टा, बांधून गेली. समोर दोघं होते, व्यवस्थापक सेमिसी आणि हिशेबाचं बघणाऱ्या पालू बाई. सेमिसीनं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"एक तू दिलास. दुसरा तुझ्या आत्यांनी चर्चमध्ये माझ्या हातात दिला, तू द्यायला विसरलीस म्हणून. यात तू मॅनेजर आहेस, त्यात नाहीस. खरा कुठला?"

लेसिएलीनं दुसरा कागद वाचला. आपला खरा म्हणावं, तर चारचौघांत आत्याला खोटं पाडल्यासारखं. आत्याचा खरा म्हणावं, तर पुढचं सगळं आयुष्य त्या एका शब्दाला सांभाळत बसायचं.

"आत्यांनी लिहिलंय त्याला मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण ते काम मी केलेलं नाही."

"हे काय उत्तर झालं?" सेमिसी म्हणाला. "आणि आत्याचं न ऐकणारी मुलगी उद्या माझं ऐकेल?"

"आणि ऐकून खोटं लिहिणारी माझे हिशेब लिहील?" पालू बाई त्याला म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या माणसाला एकटी कशी वळवायचीस?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं, चादर दुमडून पाठीखाली कशी सरकवायची, गुडघा आधी वाकवायचा, श्वास त्यांच्याबरोबर घ्यायचा. सांगताना तिचा आवाज स्थिर झाला. पालू बाई लिहून घेत होत्या.

नोकरी तिला मिळाली. आत्या रागावली नाही. "कंपनी माझ्या घरापासून जवळ आहे," ती म्हणाली. "इथूनच जात जा. संध्याकाळी आतोबांचं बघता येईल." बापानंही मान हलवली. आपल्या घरी जायचं लेसिएलीनं मनात ठरवलं होतं, ते मनातच राहिलं.

रविवारी चर्चच्या दारात पालू बाईंनी आत्याचा हात धरला. "भाची सोन्यासारखी आहे तुमची. एवढ्या माणसाला एकटी उचलायची, अंघोळ घालायची म्हणे." त्यांनी कौतुकानंच सांगितलं होतं. आत्या हसली, पण तिचे कान लाल झाले. माका आतोबा काठी टेकून शेजारीच उभे होते. आजूबाजूच्या पुरुषांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

सोमवारी सकाळी लेसिएली नेहमीसारखी त्यांचा शर्ट घेऊन गेली. आतोबांनी चांगल्या हातानं तो तिच्याकडून ओढून घेतला.

"मी... करतो," ते जड जिभेनं म्हणाले. "तू जा. कामाला."

"वेळ आहे मला, आतोबा."

त्यांनी मान हलवली. एक बाही कशीबशी चढली, दुसरी पाठीमागे लोंबत राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते. स्वयंपाकघरातून आत्यानं हाक मारली, झालं का त्यांचं म्हणून. लेसिएली दारात उभी राहिली. तिला पुढेही होता येईना आणि निघताही येईना.